त्या आजींनी मला शब्द दिला नाही

बर्लिनमधल्या एका केअर होममध्ये मी नर्स म्हणून काम करायचे तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या मजल्यावर एक आजी होत्या. वय ब्याऐंशी-त्र्याऐंशी, केस अजून दाट, कानात सोन्याच्या लहान रिंगा. जर्मन सुरेख बोलायच्या, तिथल्या दक्षिणेकडच्या हेलात. लेकीचा फोन आला की मात्र दार लावून घ्यायच्या आणि दुसऱ्याच भाषेत बोलायच्या. मी पहिल्यांदा ती भाषा ऐकली ती अर्धवट उघड्या दारातून, औषधांचा ट्रे हातात घेऊन. त्या बोलण्यात मध्येच एक शब्द आला. आपल्या रोजच्या वापरातला, पोरंसुद्धा बोलायला लागताना पहिल्या दहा-बारा शब्दांत शिकतात तसला. मी जागच्या जागी थांबले.

त्या सिंती आहेत, म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक ‘जिप्सी’ म्हणायचे त्यांच्यातल्या, हे मला तेव्हा कळलं. सिंती आणि रोमा यांची भाषा मुळात भारतीय आर्यभाषांच्या कुळातली, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि परक्या देशात, जिथे दिवसभर मराठीचा एक शब्द कानावर पडत नाही तिथे, एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून तो ऐकणं वेगळं. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्याच दिवशी, त्यांचा रक्तदाब बघता बघता, तो शब्द म्हणून दाखवला. म्हटलं, आमच्याकडेही हेच म्हणतात. आणखी सांगा ना, अमुकला काय म्हणता, तमुकला काय म्हणता?

आजींनी हात काढून घेतला. पट्टा दंडाला तसाच होता. त्या खिडकीकडे बघत राहिल्या आणि मग जर्मनमध्ये, अगदी सभ्यपणे म्हणाल्या, “तुमचं काम झालं असेल तर मला जरा पडू द्या.”

दोन दिवसांनी त्यांची लेक भेटायला आली. तिने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. मला वाटलं, तक्रार करणार. ती म्हणाली, “तुमची चूक नाही, तुम्हाला माहीत नसणार. आमच्या घरात भाषा बाहेरच्यांना शिकवत नाहीत. एकदा एक बाई शिकली होती. तीही नर्सच होती.”

एवढंच बोलून ती गेली. मी त्या रात्री घरी येऊन शोधत बसले, आणि ती बाई सापडली.

तिचं नाव एफा युस्टिन. शिक्षणाने नर्स. 1930 च्या दशकापासून रॉबर्ट रिटर नावाच्या डॉक्टरची सहकारी. राइशच्या, म्हणजे नाझी जर्मनीच्या, आरोग्य खात्याने रिटरला एक ‘वंशशुद्धी संशोधन केंद्र’ काढून दिलं होतं. ही मंडळी सिंती आणि रोमा वस्त्यांवर जायची, डोक्यांची मापं घ्यायची, रक्ताचे नमुने घ्यायची, चेहऱ्यांचे साचे काढायची, आणि आजोबा-पणजोबांची नावं विचारून वंशावळी लिहून घ्यायची. युस्टिनला रोमानी, म्हणजे त्यांची भाषा, येत होती. त्यामुळे लोक तिच्याशी बोलले. तिचे केस लालसर होते म्हणून सिंतींनी तिला प्रेमाने नाव दिलं होतं, ‘लोली छाय’. लाल मुलगी. त्या केंद्राने सुमारे 24,000 माणसांवर अभिप्राय लिहिले: हा शुद्ध, हा मिश्र, ही मिश्र. डिसेंबर 1942 मध्ये नाझी पोलिसांचा प्रमुख हिमलर याने सिंती-रोमांना ऑशविट्झच्या मृत्यूछावणीत पाठवण्याचा हुकूम काढला तेव्हा कोणाला गाडीत चढवायचं हे ठरवायला हेच कागद कामाला आले.

युस्टिनने डॉक्टरेटही केली. विषय होता आईवडिलांपासून तोडून वाढवलेली सिंती मुलं. ती मुलं दक्षिण जर्मनीतल्या मुल्फिंगेन गावच्या एका कॅथलिक अनाथालयात होती, आणि प्रबंध होईपर्यंत त्यांना हलवलं गेलं नाही. 9 मे 1944 ला, सहलीला जायचं आहे असं सांगून, 39 मुलांना नेलं. ऑशविट्झहून चौघंच परत आली.

मी अंगात पांढरा कोट घालून, हसून, आजींना विचारलं होतं, ‘आणखी सांगा ना.’

हा सगळा इतिहास मी त्या आठवड्यात वाचला, आणि त्यानंतरच्या रविवारी सिंती-रोमांच्या स्मारकाकडे गेले. तोपर्यंत बर्लिनमध्ये मला चार वर्षं झाली होती आणि मी तिथे एकदाही गेले नव्हते. ब्रांडेनबुर्ग दरवाजाच्या दक्षिणेला ज्यू बळींचं स्मारक आहे, काँक्रीटचे 2,711 ठोकळे, 2005 मध्ये खुलं झालेलं. ते मी पाहिलं होतं, पाहुण्यांना घेऊन जातोच आपण. रस्त्यापलीकडे बागेत 2008 पासून समलिंगी बळींचं स्मारक आहे. आणि राइशस्टागच्या, म्हणजे संसदेच्या अगदी अंगणात, झाडांच्या आड सिंती आणि रोमांचं. पर्यटक तिथून शंभर पावलांवर फोटो काढत असतात. मीही काढले होते.

आत गेलं की समोर एक गोल, काळं पाणी दिसतं. कुंडाचा तळ दिसत नाही. मधोमध एक त्रिकोणी दगड, पाण्याच्या पातळीला, आणि त्यावर एक फूल. त्रिकोण म्हणजे छावणीत कैद्यांच्या कपड्यांवर शिवायचे तो. दिवसातून एकदा तो दगड खाली पाण्यात जातो आणि ताजं फूल घेऊन वर येतो. रोज. गेल्या फुलाचं काय होतं कोण जाणे, पण रोज एक नवं असतं. कुंडाभोवती तुटक्या फरशा अंथरल्यात, त्यांच्यावर छावण्यांची नावं कोरली आहेत. मधल्या फटींतून गवत येतं. कुठूनतरी व्हायोलिनचा सूर चालू असतो, अगदी बारीक. रहदारी वाढली की ऐकू येत नाही, थांबली की परत येतो.

हे स्मारक 24 ऑक्टोबर 2012 रोजी खुलं झालं. ऑशविट्झमधला सिंती-रोमांचा विभाग 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री संपवण्यात आला. तिथे उरलेल्या चार हजारांवर माणसांना, बहुतेक म्हातारी, बायका आणि मुलं, एका रात्रीत गॅस चेंबरमध्ये घातलं. त्या रात्रीपासून या फुलापर्यंत 68 वर्षं गेली. एवढी वर्षं का लागली, हे समजून घेतल्याशिवाय ते कुंड मला समजलं नसतं.

युद्ध संपलं तरी त्यांच्यापुरतं ते संपलंच नाही. छावण्यांतून जिवंत परत आलेल्यांनी नुकसानभरपाई मागितली, तेव्हा 7 जानेवारी 1956 रोजी पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की 1943 पूर्वी यांच्यावर झालेली कारवाई वांशिक नव्हतीच. त्यांच्या समाजविघातक सवयींमुळे पोलिसांना ती करावी लागली. नाझी पोलीस जे म्हणत होते तेच, अकरा वर्षांनंतर, काळ्या झग्यातल्या न्यायमूर्तींनी. 1963 मध्ये न्यायालयाने यातलं थोडं मागे घेतलं, पण तोवर किती जण अर्ज फेटाळलेले कागद उशाशी ठेवून गेले असतील. या निकालाची लाज वाटते, असं त्या न्यायालयाच्या अध्यक्षांनी उघडपणे म्हणायला साठेक वर्षं जावी लागली. रिटर आणि युस्टिन दोघांनाही युद्धानंतर फ्रांकफुर्ट शहराच्या आरोग्य खात्यात नोकरी मिळाली. युस्टिनवरची चौकशी 1960 मध्ये बंद झाली. आणि त्या वंशावळी, ती मापं? ती संशोधकांच्या हातातच फिरत राहिली. 1981 मध्ये सिंती कार्यकर्त्यांनी ट्युबिंगेनच्या विद्यापीठात ठिय्या दिला तेव्हा कुठे ते कागद सरकारी अभिलेखागारात गेले. आपल्या आजीच्या कवटीचं माप ज्या कागदावर आहे तो परत मिळवण्यासाठी नातवाला तळघरात जाऊन बसावं लागलं.

त्याच्या आदल्या वर्षी, 1980 च्या गुड फ्रायडेला, डाखाऊच्या जुन्या छावणीत बाराजण उपोषणाला बसले. त्यांच्यात छावण्यांतून वाचलेले लोकही होते. रोमानी रोझे नावाचा तरुण त्यांच्यात होता. त्याच्या घरातली तेरा माणसं मारली गेली होती. मागणी काय होती? आम्हाला वंश म्हणून मारलं, एवढं मान्य करा. आणि पोलीस आमच्या नोंदी अजून ठेवताहेत, त्या थांबवा. 17 मार्च 1982 रोजी चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी त्यांच्या शिष्टमंडळासमोर ते मान्य केलं: हा वंशसंहार होता. मारल्या गेलेल्यांचा आकडा पाच लाखांपर्यंत सांगतात. त्यांना ‘गुन्हेगार’ या रकान्यातून ‘बळी’ या रकान्यात यायला सदतीस वर्षं लागली.

स्मारकाचं आश्वासन सरकारने 1992 मध्ये दिलं. त्या सुमारास ज्यूंच्या स्मारकाची चळवळ जोरात होती. सगळ्या बळींचं एकच स्मारक असावं असं रोझे यांचं म्हणणं होतं, ते झालं नाही. मग जागेवरून वाद. संसदेजवळ कशाला, मार्झानला करा, असं शहरातल्या नेत्यांचं मत होतं. मार्झान म्हणजे बर्लिनचं पूर्वेकडचं टोक. 1936 च्या ऑलिंपिकच्या तोंडावर, 16 जुलैला, शहर ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून सुमारे सहाशे सिंती-रोमांना पकडून तिथे, सांडपाण्याच्या शेतांशेजारी नेऊन ठेवलं होतं. जिवंतपणी ज्यांना पाहुण्यांच्या नजरेआड ढकललं, त्यांची आठवणही तिथेच ढकलायची. हे सुचवताना कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

जागा ठरल्यावर शब्दावरून वाद. शिलालेखात ‘झिगॉयनर’ हा शब्द घ्यायचा का? जर्मनमध्ये तो शतकानुशतकं हिणवण्यासाठी वापरलेला. ऑशविट्झमध्ये हातावरच्या नंबराआधी त्याचंच पहिलं अक्षर गोंदलेलं असे. केंद्रीय परिषदेने, म्हणजे रोझे यांच्या संघटनेने, ठाम नकार दिला. दुसऱ्या एका सिंती संघटनेचं म्हणणं होतं की मारलेले सगळे काही सिंती नि रोमाच नव्हते, या शब्दाखाली सगळे येतात, म्हणून तोच घ्या. मी दोन्ही बाजू वाचल्या. दुसऱ्या बाजूचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. पण ज्याच्या हातावर ते अक्षर आहे त्याने दगडावर पुन्हा ते वाचायचं, ही कल्पना मला सहन होत नाही. यात वर्षं गेली आणि दरम्यान एकेक साक्षीदार जात राहिला. शेवटी तोडगा निघाला: इतिहासकारांनी छळाचा सगळा कालक्रम लिहून दिला, तो प्रवेशापाशी काचेवर आहे, आणि स्मारकाच्या नावात ‘युरोपातील सिंती आणि रोमा’ आले.

कुंडाची कल्पना इस्रायली शिल्पकार दानी कारावान यांची. बांधकाम सुरू झाल्यावर दर्जावरून त्यांचं आणि शहराच्या बांधकाम खात्याचं बिनसलं, काम रखडलं. त्यांना काय हवं होतं ते तिथे उभं राहिलं की कळतं: पाण्याचा काठ आणि पाणी यांत फरक दिसता कामा नये, आणि वाकून बघणाऱ्याला स्वतःचा चेहरा त्रिकोणाशेजारी दिसला पाहिजे. अर्धा सेंटिमीटर चुकला तर ते साधं कारंजं झालं असतं.

उद्घाटनाला झोनी वाइस बोलले. हे डच सिंती. 19 मे 1944 ला नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्कच्या छावणीतून ऑशविट्झला गाडी निघाली, 245 सिंती आणि रोमा. तिच्यात झोनीचे आईवडील, बहिणी, धाकटा भाऊ. सात वर्षांचा झोनी मावशीबरोबर मागे राहिला होता, त्याला आसेन स्टेशनवर त्याच गाडीत चढवायचं होतं. एका डच पोलिसाने ऐन वेळी खूण केली आणि ते दुसऱ्या गाडीकडे पळाले. घरातलं कोणीही परत आलं नाही. मोठेपणी झोनी वाइस फुलांच्या सजावटीत नावाजले, डच राजघराण्याच्या समारंभांना त्यांनी फुलं सजवली. ज्या स्मारकाच्या मध्यभागी रोज एक फूल येतं, त्याच्या उद्घाटनाला फुलांत आयुष्य घालवलेला माणूस उभा होता. कोणी मुद्दाम जुळवून आणलेलं नसणार, पण त्या कुंडापाशी गेले की मला ते आठवतंच.

त्याच गाडीचं चित्रीकरण झालेलं आहे. डब्याच्या दाराच्या फटीतून डोक्याला फडकं बांधलेली एक मुलगी बाहेर बघते, काही सेकंदच. ती चौकट जगभर छापली गेली, आणि पन्नास वर्षं सगळे तिला ज्यू मुलगी समजत होते. 1994 मध्ये एका डच पत्रकाराने शोधून काढलं की ती सेटेला स्टाइनबाख, नऊ वर्षांची सिंती. चेहरा साऱ्या जगाला पाठ आणि ती कोण हे कोणाला ठाऊक नाही. स्मारक नसणं म्हणजे काय ते मला या एका गोष्टीने सगळ्यात जास्त कळलं.

आजींकडे मी पुन्हा गेले ते काम म्हणूनच. माफी मागायचं मनात होतं, पण मागितली असती तर परत सगळं त्यांनाच उगाळावं लागलं असतं. केस विंचरले, गोळ्या दिल्या, निघाले. असे काही महिने गेले. एकदा वेणी घालताना त्यांनी स्वतःच आरशातून विचारलं, “तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?” आणि कानातल्या रिंगेवर बोट ठेवलं, मग रिंगेवरून कानावर.

मी म्हटलं, “कान.”

त्या हसल्या. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. मग नाकावर बोट. मी सांगितलं. मग डोळा, हात, दात. त्या दिवसापासून रोज दोन-चार शब्द त्या माझ्याकडून घ्यायच्या, कधी हसायच्या, कधी नुसती मान हलवायच्या. त्यांच्या भाषेतला एकही शब्द त्यांनी मला सांगितला नाही. मी विचारलाही नाही. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या.

म्हणून दारातून ऐकलेला तो शब्द मी इथे लिहिलेला नाही. रोमा लोकांची अनेक देशांत वर्तमानपत्रं आहेत, शब्दकोश आहेत, ज्याला हवं त्याला सगळं मिळेल. पण तो शब्द मला कोणी दिला नव्हता.

गेल्या ऑक्टोबरात आई आली होती. तिला तिथे घेऊन गेले. पाऊस नुकताच थांबला होता, फरशांवर पानं चिकटली होती. व्हायोलिन ऐकून तिने विचारलं, हे काय वाजतंय? मी सांगितलं, रोमेओ फ्रान्झ नावाच्या सिंती संगीतकाराची रचना आहे, ‘मारे मानुशेंगे’. हा शब्द मी सांगू शकते, तो त्यांनी स्वतः इथे ठेवला आहे.

“मानुशेंगे,” आई म्हणाली. “म्हणजे माणसांना?”

“आमच्या माणसांना.”

तिचे डोळे भरून आले. “अगं, मग ही आपलीच की गं.”

मला तिला गप्प करायचं नव्हतं, पण हे मला तसंच सोडता येईना. म्हटलं, आई, सहाशे वर्षं झाली ती इथे आहेत. 1407 मध्ये हिल्डेसहाइम गावच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख आहे. ही जर्मन माणसं होती, त्यांची मुलं जर्मन शाळेत जायची, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेले लोक पदकं छातीवर लावून ऑशविट्झला गेले. ‘मूळ भारतातलं’ हे रिटरलाही पाठ होतं. मूळचे आर्य, पण भेसळ झालेले, असं त्याचं शास्त्र होतं, आणि भेसळ झालेले म्हणूनच मारायचे. भाषा शिकून, मूळ शोधूनच त्यांनी याद्या केल्या. आपण रडायचं तर ती आपली निघाली म्हणून नको.

आई काही बोलली नाही. ती फरशांवरची नावं वाचत हळूहळू कुंडाभोवती फिरली. ऑशविट्झच्या फरशीशी थांबली आणि चपलेच्या टोकाने तिच्यावरचं पान बाजूला केलं, मग बरं वाटलं नाही म्हणून वाकून हाताने दुसरं काढलं.

परत येताना मी तिला भुयारी रेल्वेचं सांगितलं. 2020 मध्ये बातमी आली की नव्या लोकल मार्गाचा बोगदा इथून जाणार आणि बांधकामासाठी स्मारक काही काळ बंद ठेवावं लागेल. उद्घाटनाला आठ वर्षंही झाली नव्हती. लोक रस्त्यावर आले, नव्वदीला टेकलेले कारावान विरोधात बोलले. ते 2021 मध्ये गेले. नंतर आखणी बदलली, कुंडाला हात लागणार नाही असं ठरलं, पण भोवतालच्या झाडांवरून भांडण चालूच राहिलं. आणि ती झाडं नसतील तर पाण्यात त्यांची सावली पडणार कुठून, बाहेरच्या शहरापासून तो तुकडा वेगळा राहणार कसा? एकदा दिलेली जागा पुन्हा पुन्हा मागावी लागते, याचा मला फार राग येतो. शहरातल्या कुठल्या दुसऱ्या स्मारकाच्या बाबतीत असा नकाशा कागदावर तरी उतरला असता का?

आईचं लक्ष माझ्या रागाकडे नव्हतं. दरवाजाजवळच्या गर्दीत शिरताना तिने विचारलं, “त्या तुझ्या आजींनी शेवटपर्यंत एकही शब्द सांगितला नाही?”

“नाही.”

“बरं केलं त्यांनी,” आई म्हणाली.